आधी चोरखिसा

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठाकडे उतरत जाणाऱ्या एका बोळीत, एकाच पाटीवर दोन दुकानं आहेत. वरची अक्षरं लाल, उन्हानं विटलेली: ‘इनायत टेलर्स. बंडी, अंगरखे व नाटकाचे पोशाख.’ खालची निळी, त्या मानानं नवी: ‘बिल्कीस कॉम्प्युटर दुरुस्ती.’ आत जागा एवढीच की दोघांनी एका वेळी आळस दिला तर एकाचा हात दुसऱ्याच्या कानाला लागावा. डाव्या अंगाला इनायतुल्लांची पायमशीन, उजव्या अंगाला त्यांच्या लेकीचं टेबल आणि मधे एक लाकडी बाक. त्या बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाला दोन्हीकडचं बोलणं फुकट ऐकायला मिळतं.

गिऱ्हाईक येतं, लॅपटॉप टेबलावर ठेवतं आणि सगळे म्हणतात तेच म्हणतं, फॉर्मॅट मारून द्या. बिल्कीस चष्मा कपाळावर चढवते आणि विचारते, “चोरखिशात काय हाये?”

खेड्यावरून आलेल्या माणसाचा हात आपसूक छातीवर जातो. कॉलेजातली पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. तहसीलमधले एक बाबू तर उठून उभेच राहिले होते, माझी झडती घेता का म्हणून. मग बिल्कीस त्यांना बसवते, पाणी देते आणि समजावून सांगते. गेली बारा वर्षं ती हेच समजावते आहे, आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगते. चांगल्या नटाचं लक्षण दुसरं काय असतं?

चोरखिसा म्हणजे काय हे वऱ्हाडात सांगावं लागू नये, पण दिवस बदलले. शेतकऱ्याच्या बंडीला आतल्या बाजूनं, डाव्या छातीशी एक खिसा असतो. अस्तराच्या शिवणीत तो असा लपवलेला असतो की बंडी उलटी करून झटकली तरी दिसू नये. त्यात काय ठेवलं आहे ते बंडी घालणाऱ्याला ठाऊक, आणि खिसा कुठे आहे ते शिवणाऱ्याला ठाऊक. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्याही डिस्कला तसाच एक खिसा शिवून देतात. डिस्कचा मोठा भाग आपल्याला वापरायला देतात आणि एका कडेला दहा-वीस जीबीचा तुकडा वेगळा काढून ठेवतात. कारखान्यातून निघताना मशीनमध्ये जी विंडोज होती तिची जशीच्या तशी नक्कल त्यात असते. शिवाय त्याच मॉडेलच्या आवाजाचे, पडद्याचे, बटणांचे ड्रायव्हर, म्हणजे ते ते अवयव चालवणारे छोटे प्रोग्रॅम. उद्या सगळं बिघडलं तर चालू करताना एक ठरावीक बटण दाबायचं, की मशीन पहिल्या दिवसासारखं उभं राहतं. कागदोपत्री याला रिकव्हरी पार्टिशन म्हणतात. पण पुष्कळ दुकानांत त्याचं नाव आहे ‘कंपनीचा कचरा’. नवी विंडोज टाकताना कचरा आधी उडवायचा, गिऱ्हाइकाला थोडी जागा वाढवून मिळाली की तेही खूश.

बिल्कीसनंही तो एकदा उडवला होता.

तिला हा धंदा कोणी शिकवला नाही. बाराव्या वर्षापासून ती बापाच्या मशीनला तेल देत होती, बॉबिन बसवत होती, पट्टा सैल झाला की कापून पुन्हा जोडत होती. मग शेजारच्या जिनिंगच्या ऑफिसातला कॉम्प्युटर घरघरायला लागला. अकोल्याचे कॉम्प्युटर विषाणूनं कमी आणि रुईच्या फक्कीनं जास्त मरतात. बिल्कीसनं तो शिलाई मशीन उघडावी तसा उघडला, बापाच्या ब्रशानं आतला कापूस काढला आणि पंखा गप झाला. त्या दिवसापासून सगळ्या जिनिंगवाल्यांचे कॉम्प्युटर इनायत टेलर्समध्ये यायला लागले. टायपिंगच्या क्लासात जाऊन आणि रात्रंदिवस पुस्तकं वाचून बाकीचं ती शिकली. शाकीब गुरुजींशी लग्न झालं तेव्हा सासरी तिनं एकच अट घातली होती, की दुकान सुटणार नाही. गुरुजी उर्दू शाळेत गणित शिकवतात आणि अजून चारचौघांत तक्रार करतात, की साऱ्या अकोल्याचं बिघडलेलं ही नीट करते, माझं घड्याळ सोडून.

तर बारा वर्षांपूर्वी मोर्शीची एक मुलगी आली होती, प्रणाली नावाची. बापाची संत्र्याची बाग, आणि पोरगी पुण्याला शिकायला निघालेली. लॅपटॉप धीमा चालतो म्हणाली. बिल्कीसनं साऱ्या डिस्कची पाटी कोरी केली, नवी विंडोज टाकली, वीस जीबी जास्त जागा काढून दिली आणि स्वतःवरच खूश झाली. चौथ्या दिवशी पुण्याहून फोन आला. ताई, आवाज येत नाही. पोरीला इंग्रजीची भाषणं ऐकून अभ्यास करायचा होता. त्या मॉडेलचा आवाजाचा ड्रायव्हर कुठे म्हणून मिळेना. तो होता त्या कचऱ्यात. बिल्कीसनं पंधरा दिवस शोधला, दुसऱ्या मॉडेलचे दहा लावून पाहिले. लॅपटॉप मुका झाला तो मुकाच राहिला, आणि प्रणाली एकदाही रागावली नाही. तिचं न रागावणंच बिल्कीसला जास्त लागलं.

त्या दिवसांत इनायतुल्ला मशीनवरून सगळं बघत होते. बापलेकीचं फार बोलणं होत नसे, एका खोलीत दिवसभर राहणाऱ्यांचं होत नाही. शेवटी एका दुपारी ते एवढंच म्हणाले, “बेटा, तू चोरखिसा न पाहता बंडी कापली.”

जुनी बंडी दुरुस्तीला आली, की इनायतुल्ला कात्री उचलण्याआधी हात आत घालतात. पन्नास वर्षांत त्यांना त्या खिशांतून काय काय सापडलं! एका बाईच्या बुगडीच्या फिरकीचा तुकडा. मेळघाटातल्या कुठल्याशा देवाची मूठभर माती. एका म्हाताऱ्याच्या बंडीत स्वतःच्याच लग्नाची घडी केलेली पत्रिका. जे सापडेल ते कागदाच्या पुडीत बांधून, बंडीसोबत परत. त्याबद्दल एक शब्द विचारायचा नाही, हा त्यांचा कायदा.

तेव्हापासून बिल्कीसचाही कायदा ठरला. मशीन आलं की ती आधी बापाच्या कटिंगच्या खाकी कागदाची एक लांब पट्टी कापते. ती पट्टी म्हणजे डिस्क. त्यावर शिंप्याच्या खडूनं रेघा मारून डिस्कचे भाग आखते, कापडावर माप टाकावं तसे. हा सुरुवातीचा बोटभर तुकडा, हा मोठा ‘सी’, हा शेवटचा कंपनीचा. प्रत्येकात काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघते. कंपनीच्या खिशाची नक्कल बाहेर काढून ठेवते, आवाजाचे ड्रायव्हर वेगळे बांधून ठेवते, आणि मगच हात लावते, तोही फक्त मोठ्या तुकड्याला. काम झालं की पट्टी लॅपटॉपच्या पिशवीत ठेवून देते. एका तासाच्या कामाला तिला दीड दिवस लागतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिच्याकडेच येतं.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळचे अकरा वाजले असतील. एसटीनं अमरावतीहून आलेले महादेवराव दुकानात शिरले. वय अठ्ठ्याहत्तर, अंगात बंडी, काखेत दुपट्ट्यात गुंडाळलेला लॅपटॉप. तान्हं मूल आणावं तसा आणला होता. राहणार वलगावचे, उभी नोकरी तिथल्या शाळेत लिपिकाची. पण ही झाली दिवसाची ओळख. रात्रीची ओळख वेगळी होती. अमरावतीच्या रंगसखा नाट्य मंडळाचे ते प्रॉम्प्टर. एक तप नव्हे, दोन तपं.

प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत पुस्तक घेऊन उभा असलेला माणूस. नट अडला की त्यानं पुढचा शब्द कुजबुजायचा, इतका हळू की पहिल्या रांगेला ऐकू जाऊ नये आणि इतका स्पष्ट की नटाला ऐकू यावा. टाळ्या त्याच्या वाट्याला येत नाहीत. जाहिरातीच्या कागदावर पेटीवाल्याचं नाव असे, दिवेवाल्याचं असे, प्रॉम्प्टरचं कधी नसे. रंगसखाचे राजे म्हणजे नत्थुजी. रूप असं की मंचावर आले की बायका पदर सावरून बसत. पण पाठांतराच्या नावानं शून्य. एकदा तर ते आपल्या राज्याचंच नाव विसरले होते. नत्थुजींचा प्रत्येक राजा महादेवरावांच्या ओठांवर चालत असे. आणि त्या साऱ्या राजांचे पोशाख अकोल्याहून, इनायतुल्लांच्या मशीनवरून येत. त्यामुळे महादेवराव आत आले तेव्हा पायमशीन थांबली, आणि दोन म्हातारे एकमेकांचे हात धरून काही वेळ नुसते हसत उभे राहिले.

“मेला नाई का रे तू अजून?” महादेवरावांनी विचारलं.

“तुह्यं कफनाचं माप राह्यलं हाये माह्याकडे,” इनायतुल्ला म्हणाले. “ते घेतल्याशिवाय कसा मरू?”

मग चहा आला आणि गाडी कामावर आली. रंगसखाची सात नाटकं त्यांच्या पुंजाराम गुरुजींनी लिहिली होती. एकही छापलं गेलं नाही. गुरुजी गेले, मंडळ मोडलं, आणि हस्तलिखितांची पेटी ज्या गोदामात होती तिथे तिला वाळवी लागली. सात नाटकं उरली ती एकाच जागी, महादेवरावांच्या डोक्यात. नटाला आपापली भूमिका पाठ असते, प्रॉम्प्टरला सगळ्यांची. बहात्तराव्या वर्षी नातवाचा जुना लॅपटॉप मागून घेऊन ते एका बोटानं टाईप करायला बसले. राजा, राणी, विदूषक, भालदार, सगळे एकेक करून आले. सहा वर्षं गेली. परवा लॅपटॉप चालू होईना. अमरावतीच्या एका दुकानात नेला, तर तिथल्या माणसानं सांगितलं, काका, तासाभरात सगळं साफ करून नवीन टाकून देतो.

साफ हा एक शब्द महादेवरावांना पुरे झाला. ते लॅपटॉप उचलून थेट अकोल्याच्या गाडीत बसले.

“पोरी, कॉम्प्युटर मेला तं मरू दे,” ते बिल्कीसला म्हणाले. “माह्यी नाटकं तेवढी काढून दे. दुसरीकडं कुठंच नाईत ती. आता मलेही सबन आठवत नाई. एकदा टाईप केलं की डोस्क्यातून जाते, असं होऊन राह्यलं.”

बिल्कीसनं विचारलं, काका, ठेवली कुठे होती? महादेवराव अभिमानानं म्हणाले, डीमध्ये. भाच्यानं, पिंटूनं, पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की मामाजी, ‘सी’त काही ठेवू नका, फॉर्मॅट मारला की ‘सी’ जाते. ठेवायचं ते ‘डी’त ठेवा. हा नियम वऱ्हाडात शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे, आणि नियम खोटा नाही. बिल्कीसच्या जीवात थोडा जीव आला.

तिनं डिस्क बाहेर काढली, आपल्या मशीनला जोडली आणि पाहिलं. डिस्कवरचा एकच भाग दिसत होता, मोठा, म्हणजे ‘सी’. त्यात नातवाची गाणी होती, कुणाच्या तरी लग्नाची चित्रफीत होती. नाटकाचं एक पान नव्हतं.

‘डी’ नव्हतीच.

तिनं पुन्हा जोडून पाहिलं. नव्हती. तिनं जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं, काका, अमरावतीवाल्यानं मशीन किती वेळ ठेवलं होतं? महादेवरावांनी पेला खाली ठेवला. पाच मिनिटं, म्हणाले. मग म्हणाले, दहा असतील. मग म्हणाले, मी समोरच्या टपरीवर बिडी ओढायला गेलो होतो. त्यांचा हात बंडीवर छातीशी गेला आणि तिथंच राहिला. रिकाम्या खिशावर ठेवावा तसा.

बिल्कीसला मोर्शीची पोरगी आठवली. ताई, आवाज येत नाही.

डावीकडून मशीनचा आवाज येत नव्हता. तिनं वळून पाहिलं. बाप तिच्याकडे बघत होता आणि त्यानं खाकी कागदाचं भेंडोळं तिच्या दिशेनं सरकवलं. घाबरगुंडीत ती आपलाच कायदा विसरली होती. पट्टी आखली नव्हती.

तिनं पट्टी कापली. डिस्कच्या भागांची यादी उघडली आणि खडू हातात घेतला. सुरुवातीचा बोटभर तुकडा. मोठा ‘सी’. आणि शेवटी, कडेला, सोळा जीबीचा एक तुकडा होता. त्यावर कंपनीचं नाव होतं, अक्षर मात्र कुठलंच नव्हतं. तो खोडलेला नव्हता, जागच्या जागी होता. खडू तिथंच थांबला. ‘सी’, ‘डी’ ही अक्षरं डिस्कवर कोरलेली नसतात, हे ती दुसऱ्यांना हजारदा सांगत आली होती. ज्या मशीनमध्ये डिस्क बसते, ते मशीन ती देतं. एका मंडळीत राजा असलेला माणूस दुसऱ्या मंडळीत गेला तर भालदारही होतो. माणूस तोच, नाव त्या त्या पडद्यापुरतं. महादेवरावांच्या लॅपटॉपनं या तुकड्याला ‘डी’ म्हटलं होतं. बिल्कीसच्या मशीननं त्याला कंपनीचा म्हणून ओळखलं आणि नावच दिलं नाही.

तिनं त्याला एक अक्षर दिलं आणि तो उघडला.

आत एकच फोल्डर होतं: ‘नाटकं’.

महादेवराव उठून तिच्या खुर्चीमागे आले होते. पडद्यावर सात नावं उतरत गेली तशी ती त्यांनी मोठ्यानं वाचली, हजेरी घ्यावी तशी. सातवं होतं ‘कापसाचा मुकुट’. ते वाचून झाल्यावर ते बाकावर बसले आणि दुपट्ट्यानं तोंड पुसत राहिले. इनायतुल्लांनी दुसऱ्या चहाची हाक दिली.

बिल्कीस मात्र अजून शोधत होती. “काका, या भागात कंपनीची विंडोज होती. मोठमोठ्या इंग्रजी नावांची फोल्डरं. ती कुठं गेली?”

महादेवराव जरा ओशाळले. मग सगळं बाहेर आलं. वर्षभरापूर्वी कॉम्प्युटर सारखा सांगे, की जागा संपली. त्यांनी मंडळाच्या फोटोंची नक्कल एकेका नाटकाच्या फोल्डरात पाच-पाच वेळा टाकून ठेवली होती, एखादी तरी टिकेल म्हणून. जागा संपणारच. मग एका सकाळी त्यांना वाटलं, हा इंग्रजी पसारा आपला नाही, आपण कधी उघडलेला नाही, आणि सगळी जागा यानंच अडवली आहे. त्यांनी तो निवडला आणि उडवला.

म्हणजे बाकीची दुनिया कंपनीचा खिसा रिकामा करून त्या जागी काहीच ठेवत नाही. महादेवरावांनी कंपनीच्या खिशातून कंपनीला बाहेर काढून आपली माणसं आत बसवली होती. बिल्कीसला हसू आवरेना. इनायतुल्ला म्हणाले, हा पहिल्यापासून असाच बह्याड, राजवाड्यातून राजाले काढते न् प्रॉम्प्टरले बसवते.

तिनं आधी सगळ्याच्या दोन नकला काढल्या. मग एकेक नाटक उघडून दाखवू लागली. सहा उघडली. सातव्याचे दोन अंक उघडले. तिसरा अंक उघडला तर पान कोरं होतं. तिनं आकार पाहिला. शून्य. तारीख बघितली, ती जागा संपण्याच्या दिवसांतली होती. कॉम्प्युटरनं नाव लिहून घेतलं होतं, पण मजकुराला जागा नव्हती. महादेवरावांनी समोर आलेल्या प्रत्येक सूचनेला होय म्हटलं होतं आणि समाधानानं झाकण लावलं होतं.

तिनं ते जसं होतं तसं त्यांना सांगितलं. हरवलेलं शोधता येतं, काका, पण जे ठेवलंच गेलं नाही ते कुठून काढू?

महादेवरावांनी कोऱ्या पानाकडे पाहिलं. मग त्यांनी टोपी काढून बाकावर ठेवली आणि पाठ ताठ केली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस विंगेत उभा राहिल्यासारखा बसला. “तू टाईप कर,” म्हणाले. “माह्यं बोट हळू चालते, तोवर मी विसरून जाईन.”

आणि दुपारी दोनच्या सुमारास, मोर्णेकाठच्या त्या बोळीत, ‘कापसाचा मुकुट’चा तिसरा अंक सुरू झाला. महादेवराव मोठ्यानं बोलत नव्हते. कुजबुजत होते. त्यांना नाटक दुसऱ्या आवाजात येतच नव्हतं. राणी कुजबुजली, प्रधान कुजबुजला, विदूषकाचा विनोद इतक्या हळू झाला की बिल्कीसला कान पुढे करावा लागला. दोन गिऱ्हाइकं आली, दारातच थांबली आणि आवाज न करता चपला काढून बाकाच्या टोकाला बसली. राजानं दुष्काळात लोकांच्या घरचं बियाणं दरबारात जमा केलं होतं आणि आता त्याची आई, एक साधी कापूस वेचणारी बाई, दरबारात त्याच्यासमोर उभी होती. आई बोलली. महादेवरावांनी तिचं अख्खं भाषण न अडखळता दिलं.

“राजा,” ते म्हणाले. बिल्कीसनं लिहिलं, ‘राजा’, आणि थांबली.

पुढे काही आलं नाही.

महादेवरावांचे ओठ हलत होते. त्यांनी मागे जाऊन आईचं भाषण पुन्हा म्हटलं, उतारावरून धावत येऊन ओढा ओलांडावा तसं, आणि पुन्हा त्याच काठावर अडले. तिसऱ्यांदा म्हटलं. अख्खं नाटक त्या एका वाक्यासाठी लिहिलेलं होतं, आणि तेच वाक्य नव्हतं. बिल्कीसनं मान खाली घातली. अशा वेळी माणसाकडे बघू नये.

डावीकडे पायमशीन संथपणे चालू होती. ती न थांबवता, मानही वर न करता, इनायतुल्ला म्हणाले, “आई, हा पोशाख उतरव. आत कोण आहे ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.”

महादेवरावांनी डोळे मिटले.

“तुले कसं आठवलं रे?”

“तो अंगरखा एका ओढीत उतरायचा होता,” इनायतुल्ला म्हणाले. “पाठीमागं दोरी होती. नत्थुजी विंगेशी रेलून उभे राहत, आन् मी मागून गाठ सोडत असो. प्रत्येक खेळाले मी येत होतो, त्या एका गाठीसाठी. या वाक्यावर माह्या हात दोरीवर पायजे होता.”

महादेवराव हसले, पण ते हसणं ओलं होतं. नत्थुजी सगळं विसरत, म्हणाले. राज्याचं नाव विसरत, बायकोचं नाव विसरत. हे एक वाक्य ते कधीच विसरले नाहीत. त्यामुळे मला ते कधी सांगावंच लागलं नाही. इथं मी पुस्तक मिटून पडद्याच्या दोरीकडे जात असे. ज्याला कधी आधार लागला नाही, तेच माझ्याकडे राहिलं नाही.

पुढची पाच पानं एका दमात झाली. बिल्कीसनं फाईल ठेवली, आकार पाहिला, बंद केली, पुन्हा उघडून दाखवली. बाकावरची दोन गिऱ्हाइकं टाळ्या वाजवायच्या बेतात होती. पण दुकानात टाळ्या कशा वाजवायच्या हे त्यांना सुचलं नाही.

महादेवराव त्या रात्री इनायतुल्लांकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी बिल्कीसनं लॅपटॉपमध्ये नवी विंडोज टाकली, फक्त मोठ्या तुकड्यात. कंपनीची नक्कल राहिली नव्हती, त्यामुळे तिनं विंडोज आपल्या पेनड्राइव्हवरून आणली. आवाजाचे ड्रायव्हर जुन्या विंडोजमधून आधीच वेगळे काढले होते. मशीन सुरू झाल्यावर तिनं नेहमीप्रमाणे पहिलं काम केलं, आवाज तपासला. छोटीशी घंटी वाजली. ती वाजेपर्यंत तिचा श्वास अडलेला असतो हे बापाखेरीज कुणाच्या लक्षात येत नाही.

मग तिनं महादेवरावांना समजावलं. तो खिसा मुळात कंपनीचा होता, दुसऱ्या कुणी तो कचरा समजून उडवला असता. आता तो तुमचाच आहे, पण त्याच्यावरही विसंबू नका. बंडीच हरवली तर चोरखिसा काय कामाचा? म्हणून एक नक्कल या पेनड्राइव्हमध्ये, आणि एक माझ्याकडे. इनायतुल्लांनी काही न विचारता मित्राची बंडी उतरवून घेतली, उलटी केली आणि जुन्या चोरखिशाच्या तोंडाशी एक टीप जास्त घातली, पेनड्राइव्ह वाकताना घसरू नये म्हणून. त्याआधी हात आत घालून पाहायला ते विसरले नाहीत. आत बिडीचा एक तुकडा होता. तो पुडीत बांधून त्यांनी परत दिला.

निघताना महादेवरावांनी लॅपटॉप दुपट्ट्यात गुंडाळायला घेतला, तर खालच्या अंगाला काहीतरी चिकटवलेलं दिसलं. ती खाकी कागदाची पट्टी होती. एरवी बिल्कीस ती पिशवीत ठेवते, या वेळी तिनं ती चिकटपट्टीनं नीट बसवली होती. खडूच्या रेघा, बोटभर तुकडा, मोठा तुकडा. शेवटच्या तुकड्यावर, जिथे ती नेहमी ‘कंपनी’ लिहिते, तिथे पेनानं ठळक लिहिलं होतं: ‘प्रॉम्प्टर: महादेवराव, वलगाव’.

त्यांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. सात नाटकांच्या जाहिरातींत जे कधी आलं नाही ते एका शिंप्याच्या कागदावर आलं होतं.

“खालून लावलं ते बरं केलं, पोरी,” ते शेवटी म्हणाले. “समोरून कोणाले दिसत नाई.”

आणि छातीशी हात ठेवून, खिसा भरलेला आहे की नाही ते चाचपत, ते एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागले. दुकानात पायमशीन पुन्हा सुरू झाली. बाकावर नवं गिऱ्हाईक बसलं होतं. बिल्कीसनं चष्मा कपाळावर चढवला.